डायबेटिक न्यूरोपथीवर चायनीज औषध, बाबा वॉर्फरिनवर आहेत, द्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सिंगापूरला असतो, सध्या बाबा साताऱ्याहून आलेत. वय 71, शुगर खूप जुनी, त्याने पायाच्या नसा खराब झाल्यात (न्यूरोपथी), आणि आता तळपायांची आग आणि मुंग्या इतक्या वाढल्यात की रात्री पांघरूण लागलेलंही सहन होत नाही, पाय उघडे टाकून झोपतात. दिवसा बरोबर उलटं, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, परवा अंगठ्याला मोठा फोड आलेला तो आईला दिसला, यांना पत्ताच नाही. तिकडे एनसीव्ही म्हणजे नसांची टेस्ट झालीये, नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन गोळी चालू आहे. त्याने आग कमी होते पण दिवसभर गुंगी, पेपर हातात आणि डोळे मिटलेले, बाबांना त्याचा फार त्रास होतो.

शेजारच्या चायनीज आजी त्यांना आपल्या सिनसेंकडे, म्हणजे चायनीज वैद्यांकडे घेऊन गेल्या. इथे हे लोक रजिस्टर्ड असतात, त्यामुळे भोंदूगिरी वगैरे नाही. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी बघितली, जीभ बघितली आणि पावडरच्या पुड्या दिल्या. यादी मागून घेतली मी. हुआंगची नावाचं मूळ, दालचिनीच्या कोवळ्या डहाळ्या, पिओनीचं मूळ, आलं आणि लाल बोरं, हा अंग बधिर होण्यावरचा साधारण 1800 वर्षं जुना काढा आहे म्हणे. त्यात वरून दानशेन आणि दांगग्वेई ही आणखी दोन मुळं घातलीयेत. शिवाय कोमट काढ्यात रोज पाय बुडवून बसायला सांगितलंय.

माझी खरी काळजी वेगळीच आहे, बाबांचा हार्टचा व्हॉल्व्ह बदललाय आणि ते वॉर्फरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर आहेत. आजी मधे दुभाष्याचं काम करत होत्या, त्यात ही गोळी चालू असल्याचं सिनसेंना कळलं का खात्री नाही, म्हणून पुड्या मी अजून फोडू दिल्या नाहीयेत. बाबा म्हणतात आलं-दालचिनी तर आपण चहात घालतो, त्याने काय होतंय!

मी जे वाचलं त्यात 2013 चा कॉक्रेनचा (औषधांच्या ट्रायल्स एकत्र तपासणारी संस्था) आढावा सापडला, 49 ट्रायल्स, साडेतीन हजारांवर पेशंट, सगळे चीनमधलेच. बऱ्याच ट्रायल्समध्ये फायदा दिसतो पण त्या इतक्या कच्च्या की त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही आणि साइड इफेक्ट्सची नोंदही धड नाही. कुणाच्या घरी घेतलंय का हे? वॉर्फरिनबरोबर चालतं का? आणि गुंगीचं काय करावं?

प्रतिसाद

ताई, पुड्या बंदच ठेवा. मी फार्मसीत आहे. दानशेन आणि दांगग्वेई दोन्हींनी वॉर्फरिनचा परिणाम वाढतो, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) वर गेल्याच्या आणि रक्तस्राव झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. प्रश्न आल्याचा नाहीच, या दोन मुळांचा आहे. पाय बुडवणंही नको, ज्या पायाला फोड कळत नाही त्याला पाण्याचा चटका काय कळणार, आणि अंगठ्याला जखम असेल तर आधी ती डॉक्टरला दाखवा.

तयार चायनीज गोळ्या कुणी आणून दिल्या तर त्याही नका देऊ. शियाओके नावाच्या शुगरच्या गोळीत ग्लिबेनक्लामाइड असतं, म्हणजे आपलीच अ‍ॅलोपॅथीची गोळी, या वयात शुगर एकदम खाली जाऊ शकते. दुखण्यावरच्या काही काढ्यांत बचनाग (विषारी मूळ) असतो, तो हार्टच्या पेशंटला तर नकोच नको.

गुंगीबद्दल, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती आहे? प्रीगाबालिन किडनीवाटे बाहेर पडतं, किडनी मंद असेल तर ते अंगात साठत जातं आणि झोप येते, डोस कमी करावा लागतो. फक्त एकदम बंद करू नका. आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी12 पण तपासा, ते कमी असलं तरी हीच लक्षणं येतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

खूप आभार! फाइल काढून बघितली, क्रिएटिनिन 1.7 आहे आणि प्रीगाबालिन 150 दिवसातून दोनदा. मेटफॉर्मिन आहे, बी12 कधीच केलेलं दिसत नाही. साताऱ्याच्या डॉक्टरांना रिपोर्ट आणि पुड्यांची यादी दोन्ही आत्ताच व्हॉट्सअप केलंय, अंगठा उद्या इथल्या क्लिनिकमध्ये दाखवते. असा डोस कमी केल्यावर कुणाच्या घरी आग परत वाढली का? आणि रात्रीचं तेवढं कसं निभावलंत? प्लीज सांगा.