घड्याळ बंद पडण्याबद्दल

'शनिवार-रविवार घातलं नाही की ऑटोमॅटिक घड्याळ बंद पडतं, मग रोजच्या वापराला काय उपयोग?' असा प्रश्न आलाय. बंद पडणं हा बिघाड नाही. मनगटाच्या हालचालीने आतला रोटर (फिरतं वजन) फिरतो आणि मुख्य स्प्रिंगला चावी बसते. पूर्ण चावी बसलेलं घड्याळ साधारण ३८ ते ४२ तास चालतं. थांबलं तर किल्ली (बाजूची फिरकी) वीस-तीस वेळा फिरवा (घड्याळांतल्या बहुतेक यंत्रांना हाताने चावी देता येते), वेळ लावा, झालं. तारीख मात्र रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान बदलू नका, तेव्हा तारखेचे दाते एकमेकांत अडकलेले असतात.

बायकांच्या घड्याळात खरा प्रश्न आकाराचा आहे. ईटीए या स्विस कंपनीचं २८२४ हे नेहमीचं यंत्र २५.६ मिमी रुंद, तर लहान घड्याळांतलं २६७१ जेमतेम १७ मिमी. इतक्या छोट्या यंत्राचा रोटरही हलका. दिवसभर बैठं काम असेल तर चावी कमी पडू शकते. म्हणून मी ३२-३४ मिमीचं घड्याळ सुचवेन. व्यासापेक्षा पट्टा अडकवायच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा, ते मनगटाबाहेर जायला नको.

आणि पर्सच्या चुंबकी बटणापासून घड्याळ जपा! हेअरस्प्रिंगला (घड्याळाची गती ठरवणाऱ्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व लागलं की घड्याळ अचानक पुढे पळायला लागतं. दुरुस्तीवाले ते मिनिटभरात काढून देतात. घड्याळांना नेहमी वापरतात त्या ३१६एल स्टीलवर ओरखडे पडतातच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.