सोयाबीनची वडी, टॅमॉक्सिफेनची गोळी आणि ताटातून उचललेली वाटी

ओसरीवरून (धागाकर्ती):
माझ्या थोरल्या जाऊबाईंचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन दीड वर्ष झाले. गाठ ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजन या स्त्री-संप्रेरकावर पोसली जाणारी होती, त्यामुळे त्यांना रोज टॅमॉक्सिफेनची, म्हणजे स्तनाच्या पेशींवरचा इस्ट्रोजनचा परिणाम अडवणारी गोळी चालू आहे. गेल्या आठवड्यात मी सोयाबीनच्या वड्यांचा रस्सा करून नेला, तर नात्यातल्या एका बाईंनी ती वाटी त्यांच्या ताटातून उचलली आणि "सोयात इस्ट्रोजन असते, विषाची परीक्षा कशाला?" असे सगळ्यांसमोर सुनावले. केमोमध्ये तोंडाची चव गेलेल्या जाऊबाई बऱ्याच दिवसांनी काहीतरी मागून खात होत्या, म्हणून मला ते अधिकच लागले.

माझ्या मते ही बंदी अनाठायी आहे. सोयात इस्ट्रोजन नसते. जेनिस्टीन, डेडझीन अशी आयसोफ्लेव्होने, म्हणजे वनस्पतीतली नैसर्गिक द्रव्ये असतात. त्यांची घडण इस्ट्रोजनशी मिळतीजुळती असल्यामुळे ती पेशींमधल्या इस्ट्रोजनच्याच ग्राहींना (रिसेप्टरांना) चिकटतात, हे खरे. परंतु हे ग्राही अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारचे असतात. गाठ वाढवण्याचे काम मुख्यतः अल्फाचे, आणि आयसोफ्लेव्होनांची ओढ बीटाकडे अधिक. भीतीचे मूळ आहे ते उंदरांवरच्या प्रयोगांत. प्रतिकारशक्ती नसलेल्या, अंडाशय काढलेल्या उंदरांच्या अंगात माणसाच्या कर्करोगाच्या पेशी रुजवून त्यांना जेनिस्टीन खाऊ घातले, तेव्हा गाठी वाढल्या. पण उंदराच्या रक्तात मोकळे जेनिस्टीन माणसापेक्षा कितीतरी जास्त राहते. याउलट शांघायमध्ये हा आजार झालेल्या ५०४२ स्त्रियांचा सुमारे चार वर्षे मागोवा घेतला गेला आणि निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांत जास्त सोया खाणाऱ्या गटात रोग उलटण्याचे प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी आणि मृत्यूचे २९ टक्क्यांनी कमी आढळले, आणि हा कल टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या व न घेणाऱ्या अशा दोन्ही गटांत दिसला.

शंकेखोर:
वाटी उचलण्याची रीत चुकलीच, पण म्हणून शंका खोटी ठरत नाही. शांघायचा अभ्यास निरीक्षणाचा आहे. ज्या स्त्रिया रोज टोफू खातात त्या कदाचित भाज्याही जास्त खात असतील, चालतही जास्त असतील. गणिताने हे सगळे वेगळे काढता येते असे म्हणतात, पण पुरते कधीच निघत नाही. शिवाय त्या लहानपणापासून सोया खात आल्या आहेत. आपल्याकडची पन्नाशीची बाई निदान झाल्यावर 'प्रोटीन हवे' म्हणून एकदम सुरू करते. दोघींना एका मापाने कसे मोजणार? आणि चार वर्षे म्हणजे काहीच नाही, कारण ईआर पॉझिटिव्ह रोग दहा-पंधरा वर्षांनीही डोके वर काढतो. २०१४ मध्ये अमेरिकेत ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या १४० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत विभागून एका गटाला काही दिवस सोया प्रथिनाची पूड दिली, तेव्हा ज्यांच्या रक्तात जेनिस्टीन फार वाढले अशा काहींच्या गाठीत पेशीवाढीशी संबंधित जनुके जास्त सक्रिय झालेली दिसली. मूग, मसूर, चणे घरात असताना हा धोका कोणासाठी पत्करायचा?

मांजराकाठ:
मी लातूरकडचा. आमच्या शिवारात खरिपाला नजर पोचेल तिथवर सोयाबीन असते, म्हणून एक गोष्ट सांगतो. ज्या घरात वडीला बंदी होते, त्याच घरात फोडणी बहुधा सोयातेलाची असते आणि त्याचे कोणालाच काही वाटत नाही. योगायोगाने ते ठीकच आहे, कारण शुद्ध केलेल्या तेलात आयसोफ्लेव्होने जवळजवळ उरतच नाहीत. ती राहतात पेंडीत. वडी होते ती त्या तेल काढलेल्या पिठाचीच. दहा किलो गव्हात किलोभर भाजलेले सोयाबीन टाकून गिरणीतून दळून आणणाऱ्या बायका रोज पोळीतून थोडे खातातच. तेव्हा सोयाचा कोणता भाग, हे आधी ठरवा आणि मग भांडा.

ओसरीवरून:
शंकेखोर, तुमचा काळाचा मुद्दा मला मान्य आहे. चार वर्षांवरून पंधरा वर्षांची हमी कोणी देऊ नये. पण १४० जणींच्या त्या प्रयोगातली दुसरी बाजू तुम्ही सांगितली नाहीत. प्रत्यक्ष पेशी किती वेगाने वाढत आहेत हे दाखवणाऱ्या मोजमापात दोन्ही गटांत फरक निघाला नव्हता. शिवाय त्यांना दिली होती पूड. रश्श्यातली वडी नव्हे. सोया खायची सवय चिनी स्त्रियांइतकी नसलेल्या अमेरिकी स्त्रियांनाही धरून ९५१४ जणींची माहिती २०१२ मध्ये एकत्र तपासली गेली, तिथेही रोग उलटण्याचे प्रमाण सोया खाणाऱ्यांत वाढलेले नव्हते, उलट कमीच होते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही सोयाचे पदार्थ खाण्यास हरकत घेत नाही. सावध राहायला सांगते ते आयसोफ्लेव्होनांच्या गोळ्या आणि पुडींबाबत. मूग-मसुराचे म्हणाल, तर जाऊबाईंना सध्या वरण नको झाले आहे. दाताखाली येणारे काहीतरी हवे असते.

शंकेखोर:
म्हणजे 'वजन भरून काढा' अशी जाहिरात असलेल्या पुडीच्या डब्यांना तुमचाही विरोध आहे, एवढ्यापुरते आपले जमले. वडीबाबत माझे मन अजून राजी नाही. माझ्या बहिणीला मी आठवड्यातून एकदाच देईन, तेही तिच्या डॉक्टरांना विचारून. आणि 'वाटी' हे काही माप नव्हे, ताई; आमच्याकडची वाटी दोन माणसांना पुरते.

ओसरीवरून:
म्हणून काल काट्यावर वजन केले. शांघायच्या अभ्यासात दिवसाला ११ ग्रॅम सोया प्रथिनापर्यंतच फायदा वाढत गेलेला दिसला, त्यापुढे नाही. वडीत निम्मे वजन प्रथिनाचे धरले, तर २२ ग्रॅम कोरड्या वड्या होतात. मूठ-दीड मूठ, भिजल्यावर आमच्या आमटीच्या वाटीत शिगोशीग. डॉक्टरांना फोनवर विचारले, त्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा भाजी म्हणून खायला हरकत नाही असे सांगितले. मात्र जाऊबाईंची थायरॉइडची सकाळची गोळीही चालू असल्याने तिच्या शोषणात सोया आड येऊ नये म्हणून वडी न्याहारीला नको, दुपारच्या जेवणात घ्या, असे बजावले. उद्या पुन्हा रस्सा नेते आहे. त्या बाईही येणार आहेत.