"मला प्रभू पुरे, मंडळी कशाला?" या पोस्टला उत्तर

शरणपूरचा नातू
परवा आपल्या नाशिकच्या जेलरोडच्या भावाने इथे लिहिलं होतं: "मंडळी म्हणजे चर्चची इमारत नव्हे, विश्वासणारे म्हणजेच मंडळी. मी रविवारी घरी मोबाइलवर संदेश ऐकतो, दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, थेट गरजूच्या हातात देतो. कमिटीची भांडणं बघावी लागत नाहीत. मला प्रभू पुरे." खाली आमेनची रांग लागली. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

भाऊ, तुमचं पहिलं वाक्य अगदी बरोबर आहे आणि त्यानेच पुढचं सगळं पडतं. नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया, म्हणजे हाक देऊन जमवलेली सभा. एकट्याची सभा भरते का? आपल्या शास्त्रात, म्हणजे मराठी बायबलात, त्यासाठी 'मंडळी' शब्द आला. "मंडळी, पानं वाढलीत, चला" असं आपण घरात एकाच माणसाला म्हणतो का? मत्तय 18 मध्ये प्रभू म्हणतो, दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमतात तिथे मी असतो. दोघे किंवा तिघे. शिवाय त्याच अध्यायात, थोडंच आधी, भाऊ चुकला तर काय करायचं ते सांगितलंय: आधी एकट्याने जाऊन बोल, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. म्हणजे भांडण होणार हे प्रभूने धरलंच होतं. भांडण आहे म्हणून घरी बसा, असं कुठे लिहिलंय?

माझे वडील तीन वर्षांपूर्वी आषाढात गेले. रात्रभर पाऊस. सकाळी कबरस्तानात गेलो तर खणलेला खड्डा गुडघाभर पाण्याने भरलेला. तरुण संघाची पोरं डालड्याचे डबे घेऊन पाणी उपसत होती, उपसलं की पुन्हा झिरपायचं. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पाळकीय समितीच्या निवडणुकीवरून वडिलांशी अकरा वर्षं न बोललेले एक काका तिथे आले. छत्री मिटली, चपला काढल्या, पॅन्ट दुमडली आणि खाली उतरले. पेटी खाली घेताना पायथ्याचा दोर त्यांच्या हातात होता. माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वर आले, चिखलाचे हात माझ्या पाठीवर ठेवले आणि निघून गेले. तो पांढरा सदरा मी अजून धुतलेला नाही.

ते काका वडिलांनी निवडलेले नव्हते, काकांनी वडिलांना निवडलं नव्हतं. प्रभुभोजनाच्या एका टेबलावरची भाकर दोघांनी खाल्ली होती, एवढंच. मी याला मंडळी म्हणतो. तुमच्या मोबाइलमधून कोण उतरणार होतं खड्ड्यात?

जेलरोड
वडिलांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण एका काकांवरून तुम्ही अख्खी व्यवस्था पवित्र करून टाकलीत.

माझंही ऐका. मी सहा वर्षं एका मंडळीचा खजिनदार होतो. शाळेच्या जागेचं भाडं कुठे जातं, एवढं विचारलं. पुढच्या सभेत माझं नाव सभासद यादीतून गायब. बायकोला महिला संघात कोणी चहा विचारेना. माझी मुलगी संडे स्कूलच्या नाताळ नाटकात मरिया होणार होती, निळी ओढणी शिवून झाली होती. आदल्या रविवारी सांगितलं, दुसरी मुलगी घेतलीय. आठ वर्षांची होती. तिने ती ओढणी कपाटात सगळ्यात खाली ठेवली. त्या दिवसापासून मी पायरी चढलेलो नाही.

आणि वचनावर बोलायचं तर रोमकरांस 16 वाचा. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरातली मंडळी. सुरुवातीची दोनेक शतकं बहुतेक घरातच जमत होते, ना ट्रस्ट, ना सातबारा. आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळकच घ्या. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा समुदाय काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे त्यात. त्यांनाही या चौकटीत गुदमरलंच ना?

शरणपूरचा नातू
मुलीचं वाचून मान खाली गेली. ते पाप आहे, दुसरा शब्द नाही.

पण टिळकांचं अर्धंच सांगताय. चौकट मोडून ते घरी एकटे बसले नाहीत, आणखी माणसं गोळा केली. मिशनचा पगार सोडणं वेगळं, माणसं सोडणं वेगळं. आणि प्रिस्काच्या घरात कोण कोण येत असेल ते पाहा: गुलाम, व्यापारी, यहुदी, ग्रीक. करिंथच्या मंडळीत तर एक उपाशी आणि दुसरा झिंगलेला, अशा अवस्थेत प्रभुभोजनाला बसत. प्रेषित पौलाने पत्रात खरडपट्टी काढली. पण "आपापल्या घरी जेवा आणि येऊच नका" असं नाही लिहिलं, "एकमेकांसाठी थांबा" असं लिहिलं.

निवृत्त बाई
'मंडळी' शब्दावरून आठवलं. माझे आजोबा आजीला "आमची मंडळी" म्हणायचे, जुन्या माणसांत बायकोला तसंच म्हणत. इफिसकरांस 5 मध्ये ख्रिस्त आणि मंडळी हे नवरा-बायकोच आहेत. शाळेत ते शिकवताना मला भाषांतर करावंच लागलं नाही, मुलं आपणहून हसायची आणि समजायची. तेव्हा जेलरोडच्या भावाला एवढंच विचारते, "मला तुम्ही आवडता, तुमची बायको नाही" असं कुणाच्या घरी जाऊन म्हणता येतं का?

मात्र आता उपासनेला जाऊन मलाही कानात बोळे घालावे लागतात. पेटी-तबला गेला, ड्रम आला. टिळकांची भजनं तोंडपाठ असलेल्या बायका मागच्या बाकावर गप्प, आणि पुढे पडद्यावर हिंदी ओळी. शरणपूरच्या लोकांनी यावर आधी बोलावं.

नाशिकरोड, कॅथलिक
बाई, गाण्यांचा विषय वेगळा धागा काढून घ्या, नाहीतर इथे रात्र होईल.

आमच्याकडे प्रश्न इतका लांबत नाही. मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, आपण सगळेच म्हणतो, चर्च एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने लिहून ठेवलं, चर्च ज्याची आई नाही त्याला देव बाप म्हणता येत नाही. 2020 च्या लॉकडाउनमध्ये आम्हीही मिस्सा, म्हणजे आमची प्रभुभोजनाची उपासना, मोबाइलवर पाहिली, नाइलाजाने. आई उदबत्तीच्या स्टँडला फोन टेकवून गुडघ्यावर बसायची. सगळं दिसायचं, ऐकू यायचं, पण ख्रिस्तशरीर जिभेवर येत नव्हतं. चर्च उघडल्यावर पहिल्यांदा कम्युनियन घेतलं आणि परत बाकावर येईपर्यंत ती रडत होती. बोलणं फोनवरून पोचतं, भाकर कशी पोचणार?

जेलरोड
सिप्रियनचं वाक्य मला नेहमी धमकीसारखं वाटतं. बाहेर काढणारे तुम्हीच, आणि बाहेर असलेल्याला बापही नाही म्हणणारे तुम्हीच.

सिडकोची मुलगी
कबरस्तानाचा विषय निघाला म्हणून लिहितेय, नाहीतर लिहिणार नव्हते.

माझी मावशी पन्नास वर्षं एका जुन्या मंडळीत होती. शेवटची सात वर्षं पाय चालेनात, म्हणून आमच्या गल्लीतल्या हॉलमधल्या प्रार्थना घरी जायची. गेली तेव्हा जुन्या मंडळीचा निरोप आला: नाव कमी झालंय, वर्गणी थकलीय, आमच्या कबरस्तानात जागा देता येणार नाही. प्रार्थना घराच्या पाळकांनी रात्रभर प्रार्थना केली, माणूस फार चांगला, पण त्यांच्याकडे वीतभर जमीन नाही. मे महिना. बर्फाच्या लाद्या दोनदा बदलल्या. फरशीवरून पाणी दाराबाहेर गेलं आणि शेजारच्या हिंदू काकू न बोलता फडकं घेऊन पुसत बसल्या. सात वर्षांची वर्गणी भरली, माफीचा अर्ज लिहिला, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी माती दिली. माफी कशाची, ते अजून कळलेलं नाही.

शरणपूरच्या दादा, तुमच्या वडिलांच्या खड्ड्यात काका उतरले. माझ्या मावशीला खड्डाच नव्हता.

देवळाली कॅम्प
ताई, झालं ते चुकलं. पण मी कबरस्तान समितीवर आहे, दुसरी बाजू मांडायलाच हवी. भिंत, पाणी, राखणदार, सगळं शंभरेक घरांच्या वर्गणीवर चालतं. जागा संपत आलीय, एका कबरीत दुसरी करावी लागते. जी नवी प्रार्थना घरं निघतात ती आमची माणसं नेतात, दशांश नेतात, आणि मयत मात्र आमच्याकडे पाठवतात. यादी नसेल तर उद्या कोणालाही नाही म्हणता येणार नाही.

सिडकोची मुलगी
मग म्हणू नका नाही! ती तुमच्याच संडे स्कूलमध्ये तीस वर्षं शिकवत होती. तुमच्या समितीतल्या निम्म्या लोकांना दहा आज्ञा तिने पाठ करून घेतल्या असतील.

देवळाली कॅम्प
आमच्या नाही, दुसऱ्या मंडळीच्या. सगळ्यांना एका काठीने हाणू नका. माझी आई तिथेच आहे, तिच्या कबरीवरचं गवत मी स्वतः काढतो.

शरणपूरचा नातू
थांबा दोघेही. मी माझ्याच बाजूविरुद्ध बोलतोय, पण ताईचं खरं आहे.

नाशिकच्या ज्या शरणपूरच्या नावाने मी इथे लिहितो ते मुळात कशासाठी वसलं? ख्रिस्ती झाला म्हणून ज्याला घर राहिलं नाही त्याला शरण मिळावी म्हणून. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथल्या मिशनमध्ये वाढली. त्यातला जेकब वेनराइट. 1873 मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं काळीज झाडाखाली पुरताना दफनाची प्रार्थना या नाशिकमध्ये शिकलेल्या मुलाने वाचली. मग सोबत्यांनी देह कित्येक महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. वेनराइट पेटीबरोबर इंग्लंडला गेला आणि 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत पेटीला त्याचाही हात होता. लिव्हिंग्स्टन मुळात लंडन मिशनमधून आफ्रिकेत गेलेला, हा सी.एम.एस.च्या, म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीच्या, शाळेतला. झाडाखाली कोणी यादी काढली नाही. आणि आपण इथे नाशकात वर्गणीची पावती मागतो.

मी मंडळीचीच बाजू घेतोय आणि घेत राहणार. पण जी मंडळी आपल्या म्हातारीला माती देत नाही, तिला मी कोणत्या तोंडाने मंडळी म्हणू?

जेलरोड
हेच मी परवा लिहिलं होतं. तेव्हा तुम्हाला राग आला.

शरणपूरचा नातू
तुम्ही लिहिलंत की म्हणून मंडळी नको. मी म्हणतो, म्हणून आत येऊन भांडा. खजिनदार तुमच्यासारखा असता तर ताईला पावती मागायची कोणाची छाती झाली नसती. तुम्ही निघून आलात आणि यादी ज्यांच्या हातात राहायला नको होती त्यांच्याच हातात राहिली.

जेलरोड
हे लागलं. खोटं नाही म्हणणार. पण माझ्या मुलीला त्या दारातून पुन्हा आत नेणं मला आज जमणार नाही. रविवारी येणार नाही. कुठे खड्ड्यात पाणी भरलं तर मात्र फोन करा, कोणाचाही असो.

देवळाली कॅम्प
थकलेल्या वर्गणीवरून माती अडवायची नाही, असा ठराव येत्या सभेत मी मांडतो. पास होईल का, सांगता येत नाही. ताई, मावशींच्या कबरीवर दगड बसवलाय का?

सिडकोची मुलगी
नाही. लाकडी क्रूस होता, पावसात गेला. आता विटांची कड आहे फक्त.

जेलरोड
माझं फरशीचंच काम आहे. शहाबादीचा एक तुकडा पडून आहे, बरोबर मापाचा. कबर कुठे आहे?

सिडकोची मुलगी
मागच्या भिंतीकडून तिसरी रांग, कडुलिंबाखाली.