सूड, अबोला, माफी : तुमचे अनुभव सांगा

कृष्णाकाठ_सांगली
चुलत दिरांच्या मुलीची लग्नपत्रिका आली. बांधावरून बोलणं बंद, कोर्टात दावा चालू, तरी ‘आपले नम्र’मध्ये यांचं नाव छापलंय! सासूबाई मघापासून पत्रिका घेऊन बसल्यात. दोन्हीकडनं पाणी अडवलं, पायपा तोडल्या, सगळं आठवलं. तुमच्यात कुणी असं माफ केलंय का?

बागवाला
तासगावकडं आमची द्राक्षबाग रातोरात बुंध्यातनं तोडली. माल उतरायला आलेला. कुणी केलं ते गावाला ठाऊक, साक्षीला कुणी नाही. भाऊ कोयता घेऊन निघालेला, आई दारात आडवी झाली म्हणून थांबला. तो माणूस एसटीत दिसला की अजून पोटात ढवळतं. माफी नाही जमत.

मिरजेची_स्वाती
दादा, काटा आला वाचून. बाग परत धरली का?

कऱ्हाडकर
मी मानसशास्त्र शिकवतो. दगा देणाऱ्याला शिक्षा करताना मेंदूतला सुखाशी जोडलेला भाग जागा होतो, हे झुरिकच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं. म्हणून सूड गोड वाटतो. पण कार्लस्मिथ, विल्सन, गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांच्या 2008 च्या प्रयोगात ज्यांना शिक्षा करायची संधी मिळाली तेच नंतर जास्त नाराज होते, कारण त्या माणसाचा विचार डोक्यातनं जाईना. बागवाला, आईंनी तुमच्या भावाला जेलपासून तर वाचवलंच, त्याहून जास्त कशापासून तरी वाचवलं.

बागवाला
धरली ताई. दोन वर्षं गेली. सर, विचार तर सूड न घेताही जात नाही ओ.

जैनगल्ली
आमच्या जैनांच्यात दशलक्षण पर्वाचा पहिला दिवसच उत्तम क्षमेचा. पर्व संपलं की क्षमावाणी, म्हणजे एकमेकांची माफी मागायचा दिवस. वडील भांडलेल्या भावाच्या दारात जाऊन हात जोडायचे. काका आतनं बाहेर यायचे नाहीत. वडील तरी जायचेच दरवर्षी. माझं मन नाही व्हायचं, खरं सांगते.

वाईचा_वकील
माफ केलं म्हणून हक्क सोडायचा नसतो, लोक इथंच गल्लत करतात. कृष्णाकाठ ताई, तुमचा जमिनीचा गट त्यांच्या ताब्यात आणि त्यांचा तुमच्या, असं 12 वर्षं असेल तर सरकारची 2023 ची सलोखा योजना बघा. अदलाबदलीला मुद्रांक शुल्क 1000 आणि नोंदणी फी 1000. आधी तलाठ्याचा पंचनामा लागतो.

कृष्णाकाठ_सांगली
तसंच आहे दादा! यांना दाखवते. लग्नाला जायचं ठरलं, सासूबाईच म्हणाल्या.

मिरजेची_स्वाती
ताई पत्रिका कुठं छापली विचारा ना, आमच्याकडं पण कार्य आहे.

पलूसकर
वकीलसाहेब, दोघांतला एक वारला असेल तर वारसांना चालतं का ते? आमचं तेच अडलंय.