मदत हवी आहे: ओकॅमलसाठी ओकॅमलयॅक की मेन्हिर?

अर्धविराम:
प्रोजेक्टसाठी एका छोट्या भाषेचा इंटरप्रिटर ओकॅमलमध्ये लिहितोय. व्याकरणावरून पार्सर (कोडची रचना ओळखणारा भाग) बनवायला ओकॅमलयॅक चालवलं की शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्टचा, म्हणजे 'पुढचं टोकन (शब्द किंवा चिन्ह) घेऊ की आधीचा नियम पूर्ण करू' या पेचांचा, ढीग येतो. तसंच दुसरं टूल मेन्हिर घेतलं तर जातील का? की पार्सर कॉम्बिनेटर (छोटे पार्सर जोडून मोठा करणारी फंक्शनं) बरे? शुक्रवारी गाइडना दाखवायचंय. गूगल करून झालंय.

गवतीचहा:
व्याकरण कुठाय? चिन्हांचे अग्रक्रम (कुठलं आधी जोडायचं) लिहिलेत का?

अर्धविराम:
नेहमीचंच आहे हो. बेरीज, वजाबाकी, लेट, इफ, फंक्शन. अग्रक्रम दिलेत. प्रश्न टूलचा आहे.

जुनाखोड:
जनरेटरचा नाद सोडा, हाताने रिकर्सिव्ह डिसेंट (प्रत्येक नियमाला एक फंक्शन) लिहा. जीसीसी कंपायलरने बायसन या जनरेटरचा पार्सर काढून हाताने लिहिलेला घेतला. गो भाषेच्या कंपायलरनेही 1.6 मध्ये यॅक सोडलं. एरर मेसेज आपल्या ताब्यात राहतात.

गवतीचहा:
यांच्याकडे शुक्रवारपर्यंतच वेळ आहे. शिवाय व्याकरण संदिग्ध असेल तर हाताने लिहिलेला पार्सर गपचूप एक अर्थ धरून पुढे जातो. जनरेटर निदान ओरडून सांगतो.

जुनाखोड:
ओरडतो, पण कळेल असं कुठे सांगतो?

तिरकीरेघ:
मी अँग्स्ट्रॉम ही कॉम्बिनेटर लायब्ररी वापरते. वेगळी फाइल नाही, सगळं ओकॅमलमध्येच. फक्त डावं रिकर्शन (नियमाची सुरुवात त्याच नियमाने) सरळ लिहू नका, पार्सर तिथेच फिरत राहतो.

मोगरा:
हास्केलला या. हॅपी आणि अ‍ॅलेक्स ही तिथली टूल्स वापरा, हास्केलचा कंपायलर जीएचसी स्वतः तीच वापरतो.

पाणवठा:
ईमॅक्स एडिटरमध्ये मर्लिन (ओकॅमल लिहिताना मदत करणारं टूल) दिसत नसेल तर आधी प्रोजेक्ट ड्यून या बिल्ड टूलने बिल्ड करा.

अर्धविराम:
मर्लिन चालतंय. भाषा बदलायची नाहीये. मेन्हिरने कॉन्फ्लिक्ट जातील की नाही, एवढंच सांगा.

गवतीचहा:
शिफ्ट-रिड्यूस असतील तर नुसतं टूल बदलून जाणार नाहीत. ओकॅमलयॅक एलएएलआर(1) पद्धतीचं आहे, मेन्हिर एलआर(1) पद्धतीचं. एलएएलआरमध्ये पार्सरच्या स्टेट (अवस्था) एकत्र केल्यामुळे उगवतात ते रिड्यूस-रिड्यूस ('दोनपैकी कुठला नियम पूर्ण करू'), तेवढे मेन्हिरमध्ये जाऊ शकतात. तरी मेन्हिरच घ्या. 'एक्स्प्लेन' पर्याय दिला की कॉन्फ्लिक्टची फाइल मिळते, त्यात नेमक्या कुठल्या इनपुटवर दोन वाटा फुटतात ते दिसतं. जुनाखोड यांच्या प्रश्नाचं उत्तरही तेच. खुद्द ओकॅमल कंपायलर 4.08 पासून मेन्हिरवर आहे.
आता सांगा, फंक्शन कॉल कसा लिहिता? कंसात?

अर्धविराम:
नाही, ओकॅमलसारखाच, नुसतं 'एफ एक्स'. नियम: एक्स्प्र (एक्स्प्रेशन) म्हणजे एक्स्प्र एक्स्प्र, किंवा मायनस एक्स्प्र, किंवा एक्स्प्र मायनस एक्स्प्र, वगैरे.

गवतीचहा:
हे आधी सांगायचंत! 'एफ -1' म्हणजे एफला -1 दिला की एफमधून 1 वजा केला? 'एफ जी एक्स'चेही दोन अर्थ निघतात. दोन टोकनच्या मध्ये चिन्हच नाही, म्हणून अग्रक्रम नीट लागत नाहीत. थर पाडा. अ‍ॅटम म्हणजे आकडा, नाव किंवा कंसातला एक्स्प्र. अ‍ॅप म्हणजे अ‍ॅटम, किंवा अ‍ॅप अ‍ॅटम. एक्स्प्र म्हणजे अ‍ॅप आणि बाकीची चिन्हं. अ‍ॅटमची सुरुवात मायनसने होऊ द्यायची नाही.

तिरकीरेघ:
मान्य. अँग्स्ट्रॉममध्येही हेच थर पाडावे लागले असते.

अर्धविराम:
गेले सगळे! मेन्हिरवरही आणलं. पण चुकीच्या इनपुटवर माझा एरर मेसेज येतच नाही, प्रोग्रॅम थेट पडतो.

गवतीचहा:
ओकॅमलच्या पार्सिंग मॉड्यूलचं पार्स_एरर पकडताय ना? मेन्हिर ते फेकत नाही. त्याने तयार केलेल्या पार्सर मॉड्यूलमध्येच एरर नावाचं एक्सेप्शन असतं, ते पकडा. ओळ क्रमांकासाठी पार्सिंगची फंक्शनं असतील तर तीही काढा, डॉलर-स्टार्टपॉस वापरा.

अर्धविराम:
तेच होतं. झालं.