लहानपणीचं चित्रातलं कोण लक्षात आहे? आणि ते काढलं कोणी?

अमळनेरची लेक
दिवाळीची साफसफाई चालू आहे. पत्र्याच्या पेटीतून मुखपृष्ठ फाटलेला चांदोबा निघाला आणि मी फडकं हातात धरून वाचतच बसले. विक्रमाच्या खांद्यावर प्रेत, हातात उपसलेली तलवार! हे काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. १९५२ पासून चांदामामात (आपल्या चांदोबाचं मूळ मासिक) होते, २०२० मध्ये गेले. आमच्या घरी गोष्टी सगळ्यांना पाठ, त्यांचं नाव एकालाही ठाऊक नाही. हे फार लागलं मनाला. म्हणून लिहा, पात्रही आणि चित्रकारही.

भुसावळकर
इंद्रजाल कॉमिक्स!! आमच्याकडे चार आण्याला भाड्याने मिळायचं, तिथेच पायरीवर बसून संपवायचं. बाकीची पोरं वेताळासाठी (विक्रमाचा नव्हे, फँटम) भांडायची, मी बहादूरवाला. भगवा कुर्ता, खाली जीन्स, समोर डाकू. विलायती हिरोंच्या गर्दीत आपल्या मातीतला. १९७६ ला आबिद सुरतींनी तो उभा केला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. धर्मयुग या हिंदी साप्ताहिकातले ढब्बूजी पण सुरतींचेच बरं का.

शिंदखेड्याचा भाऊ
चाचा चौधरी. प्राण यांचे, १९७१, आधी लोटपोट या हिंदी बालपत्रिकेत. चाचांचा धिप्पाड साथीदार साबू, त्याला राग आला की गुरू ग्रहावर ज्वालामुखी फुटतो, हे मी आजोबांना सांगून ठेवलेलं. पावसाळ्यात रात्री गडगडलं की खाटेवरून आवाज यायचा, "साबू तापना वाटस!" आजोबांना अक्षरओळख नव्हती, चित्रं मात्र एकेक बोट ठेवून बघायचे.

यावलकरीण
@भाऊ, आजोबा भारीच 😄 ताई, पेटीत अजून काय निघालं? आणि बामणोदची वांगी आली का तुमच्याकडे?

अमळनेरची लेक
आली ना! रविवारी भरीत-पुरी. पेटीत आईच्या लग्नातली समई निघाली.

खडू-फळा
शि. द. फडणीस. त्यांचं ते चित्र, तिची साडी आणि त्याचा शर्ट, एकावर मांजरं, दुसऱ्यावर उंदीर, आणि शब्द एकही नाही. वर्गात दाखवलं की आधी मागच्या बाकावरून हसू येतं, मग पुढे. गणिताच्या पुस्तकातली त्यांची चित्रं बघून किती पोरांची भीती गेली असेल. घाईत आहे, तास सुरू होतोय.

जळगावची मावशी
चिंटू!! १९९१ ला सकाळमध्ये सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. आमच्या लेकाने कात्रणं वहीत खळीने चिकटवली, वही फुगून बंदच व्हायची नाही. कुकर झाला, येते.

भुसावळकर
मावशी, वही ठेवली का हो?

जळगावची मावशी
ठेवली म्हणजे काय! आता नात वाचते. आर. के. लक्ष्मण राहिले की सगळ्यांचे. १९५१ पासूनचा त्यांचा कॉमन मॅन, तो चौकड्यांचा कोट आणि धोतर, तोंडातून शब्द नाही. आमच्या ह्यांना पेपर आला की आधी तेच हवं असायचं.

शिंदखेड्याचा भाऊ
सुपांडी कोणाचा हो? टिंकल कॉमिकमधला.

खडू-फळा
राम वाईरकरांनी काढला. अमर चित्रकथेचेही ते खंदे चित्रकार. शिकारी शंभू वसंत हळबे यांचा. दोघंही आपली मराठी माणसं.

यावलकरीण
@ताई, भरताला शेंगदाणे आणि कांद्याची पात विसरू नका. चांदोबाच्या त्या पानाचा फोटो टाका ना इथे.