भुजंगप्रयात: ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघू की गुरू?

वाईचा_घाट:
नदीवर भुजंगप्रयातात (लघू-गुरू-गुरू असं चारदा येणारं १२ अक्षरांचं वृत्त; लघू म्हणजे १ मात्रेचं अक्षर, गुरू म्हणजे २ मात्रांचं) श्लोक लिहितोय. दोन ओळी झाल्यात:

तुझ्या काठच्या पायऱ्या चिंब ओल्या
कृष्णा संथ वाहे माहुलीच्या घाटा

दोन्हींत अक्षरं १२ च. पण जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू धरलं तर पहिलीतले तु, ठ, य गुरू होतात आणि वृत्त मोडतं. मोठ्याने म्हणून पाहिलं तर मात्र तीच ओळ सरळ जाते, अडखळते ती दुसरी. असं का?

लगावली:
कान बरोबर सांगतोय, नियम अर्धा पाठ झालाय. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तरच ते गुरू. ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ म्हणून बघा: सज्‌-जना, भक्‌-ति. जोडाक्षराचा पहिला अर्धा भाग मागे चिकटतो, म्हणून स आणि भ यांना २ मात्रा. ‘तुझ्‌-या’ असं कोणी म्हणत नाही. झ्या अख्खा पुढे जातो, तु १ मात्रेचाच राहतो. काठच्या, पायऱ्या तसंच. पुन्हा, तुम्ही, कऱ्हाड यांतलंही पहिलं अक्षर लघूच.

तुझ्याका । ठच्यापा । यऱ्याचिं । बओल्या. चारही य गण (ल गा गा, म्हणजे लघू-गुरू-गुरू), ओळ निर्दोष.

दुसरीत नुसती १२ अक्षरं भरून भागत नाही. पहिली जागा लघूची आणि तिथे ‘कृष्‌-णा’चा गुरू कृ. सातवी जागाही लघूची, तिथे मा.

संगम_माहुली:
‘कृष्णा’ला या वृत्तात मागे एक लघू लागतोच. मग असं करा:

निघालीस कृष्णे पुढे माहुलीला

पहिल्या ओळीत नदीला ‘तू’ आणि दुसरीत ‘ती’ झाली होती, तेही सुटलं. यमक मात्र तुम्हीच बघा. ओल्या-माहुलीला चालणार नाही.

गावांची नावं घालताना जपून. इथे तीन गुरू सलग येत नाहीत, म्हणून ‘सातारा’ बसत नाही. दोन लघूही सलग येत नाहीत, म्हणून ‘सज्जनगड’ नाही. सांगली, माहुली (गा ल गा) आरामात बसतात. ‘कऱ्हाड’ अडतं, ‘कऱ्हाडास’ चालतं!

वाईचा_घाट:
आभार. पुस्तकात सहाव्या अक्षरावर यती (म्हणताना थांबायची जागा) दिलीय. माझ्या ओळीत तिथे ‘पा’ येतो, म्हणजे ‘पायऱ्या’ तुटतात. बदलू का?

लगावली:
राहू द्या. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ यातही सहावं अक्षर ‘ई’, म्हणजे ‘ईश’ तुटलाच. रामदासांना चाललं.

आणि साताऱ्याचं नाव घालायचंच असेल तर मोठा अभंग घ्या. ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. लघू-गुरू बघायचं नाही, त्यामुळे सज्जनगडसुद्धा बसतो.